तांबड्या पट्ट्याचा इतिहास

मुरगावच्या बंदरात रिकामे जहाज नांगरून उभे असले म्हणजे त्याच्या अंगावर, पाण्याच्या रेषेपासून वर काही हातांपर्यंत, एक रुंद तांबडा पट्टा दिसतो. माल भरत जातो तसतसे जहाज खाली बसते आणि पट्टा हळूहळू पाण्यात नाहीसा होतो. पाहणाऱ्यास ती शोभा वाटते. वस्तुतः ते जहाजाचे चिलखत होय, आणि त्याचा रंग पुष्कळदा तांब्याच्या एका संयुगाचा असतो. ‘तांबडा’ हा शब्द मराठीने तांब्यावरूनच घडविला. परंतु या पट्ट्याच्या बाबतीत तो जितका अक्षरशः खरा ठरतो तितका अन्यत्र क्वचितच ठरत असेल.

आरमारांचे इतिहास लिहिताना आपली दृष्टी बहुधा पाण्याच्या वरच राहते. तोफा किती, शिडे किती, सरदार कोण, लढाई कोठे झाली, याची नोंद आपण करतो. पण ती जहाजे वर्षानुवर्षे पाण्यावर राहिली कशी, त्यांचा तळ कुजून का गेला नाही, हा प्रश्न आपण क्वचित विचारतो. या लेखात त्या तळाचा व त्यावरील लेपाचा इतिहास सांगण्याचा आमचा विचार आहे. त्यातून निघणारे तात्पर्य आरंभीच सांगून टाकतो. जो लेप झिजतो तोच जहाजाला राखतो. आणि जे झिजून पाण्यात जाते त्याचा हिशेब कोणाला तरी, केव्हा तरी द्यावाच लागतो. यांपैकी पहिली गोष्ट कळण्यासाठी एका थोर शास्त्रज्ञाची फजिती व्हावी लागली, आणि दुसरी कळण्यासाठी एका उपसागरातील कालवांचा नाश व्हावा लागला.

जहाजाच्या तळाला समुद्रात दोन प्रकारचे शत्रू भेटतात. पहिला वरून चिकटणारा. कोणताही पृष्ठभाग समुद्रात बुडविला की थोड्याच वेळात त्यावर सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर धरतो. पुढे शेवाळ येते, शिंपले येतात, आणि बार्नॅकल नावाचा चुनखडी कवचाचा प्राणी येतो. हा दिसतो शिंपल्यासारखा, पण कुळाने कोळंबी-खेकड्यांचा नातलग आहे. त्याचे पिल्लू पाण्यात स्वैर पोहते, योग्य जागा सापडली की डोके टेकवून स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्याने कायमचे जडून बसते, आणि पुढे जन्मभर पायांनी पाणी ढवळून अन्न मिळविते. अशा लक्षावधी जीवांनी खरखरीत झालेला तळ पाणी कापीत नाही, पाण्याला अडवितो. जहाज मंदावते, सुकाणूस दाद देत नाही. पूर्वी त्यामुळे प्रवास लांबे व शिधा संपे, आज इंधन अधिक जळते.

दुसरा शत्रू आत शिरणारा. टेरेडो या नावाने ओळखला जाणारा प्राणी अळीसारखा दिसतो, परंतु तोही शिंपल्याच्याच कुळातला आहे. कवचाचे दोन लहानसे तुकडे त्याच्या तोंडाशी उरलेले असतात. त्यांनी तो लाकूड किसत जातो. बाहेरून टाचणीएवढे भोक आणि आतून फळीची चाळण, अशी त्याची करणी असते. १५०३ साली कोलंबसाच्या शेवटच्या सफरीतील उरलेली दोन जहाजे या किड्याने इतकी पोखरली की ती त्यास जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली, आणि सुटकेची वाट पाहत सुमारे एक वर्ष तेथेच काढावे लागले. पृथ्वीचा नकाशा बदलणाऱ्या माणसास अखेर एका मऊ अंगाच्या जीवाने अडकवून ठेवले.

या दोहोंविरुद्ध सर्वांत जुना उपाय म्हणजे श्रम. जहाज उथळ पाण्यात आणून कलते करावयाचे, उघड्या पडलेल्या बाजूची घाण खरवडून वा जाळून काढावयाची, फटी बुजवावयाच्या, तेल वा डांबर फासावयाचे, आणि मग दुसऱ्या बाजूस कलवावयाचे. वास्को द गामाने १४९८ साली परतीच्या प्रवासापूर्वी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर हेच केले. आपल्या समुद्रात तर लेपांची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस तांबड्या समुद्रातून गेलेल्या इब्न जुबैरने लिहून ठेवले आहे की तेथील काथ्याने शिवलेल्या जहाजांना तूप, एरंडेल किंवा मुशीचे तेल चोळतात आणि त्यांत मुशीचे तेल उत्तम. मार्को पोलोने होर्मुझच्या जहाजांस माशाचे तेल लावलेले पाहिले. अरबी समुद्रातील गलबतांच्या बुडत्या भागास चुना व चरबी यांचा पांढरा लेप देण्याची चाल विसाव्या शतकापर्यंत चालत आली. पोर्तुगीजांनी काजूचे झाड आणल्यानंतर त्याच्या टरफलाचे दाहक तेलही आपल्या किनाऱ्यावर होड्यांस व जाळ्यांस लागू लागले.

कोकणच्या माणसाला याखेरीज निसर्गाने एक सक्तीची सवड दिली होती. पावसाळ्यात दर्यावर जाता येत नाही. म्हणून होड्या ओढून वर घेतल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. या महिन्यांत तळाला चिकटलेले समुद्रजीव खाऱ्या पाण्यावाचून मरतात. ते खरवडून होडीस तेलपाणी करता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड कसे मिळवावे, आंबा-फणसांसारखी रयतेने वाढविलेली झाडे का तोडू नयेत, पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी, यांचा विचार त्यात केलेला आढळतो. आमच्या मते या छावणीचे महत्त्व केवळ वादळापासून बचाव एवढेच धरू नये. वर्षातून काही काळ जहाजास विसावा देणे हाच त्या काळी तळ राखण्याचा मुख्य उपाय होता.

परंतु जी आरमारे वर्ष-दोन वर्षे घरापासून दूर राहत, त्यांना ही सवड नव्हती. त्यांनी धातूचा आश्रय केला. कल्पना नवी नव्हती. सायप्रसच्या किनाऱ्याजवळ किरेनिया येथे सापडलेले इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक व्यापारी जहाज शिशाच्या पातळ पत्र्याने मढविलेले होते. इंग्लंडच्या आरमाराने १६७० नंतरच्या दशकात हाच प्रयोग पुन्हा केला. पण शिशाजवळचे सुकाणूचे लोखंडी सांधे गंजून गेल्याच्या तक्रारी येऊ लागल्या आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. कारण कोणालाच कळले नाही.

मग १७६१ साली ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या इंग्रजी जहाजाचा तळ तांब्याने मढविण्यात आला व ते वेस्ट इंडीजच्या उबदार समुद्रात धाडण्यात आले. १७६३ मध्ये त्याची तपासणी झाली, तेव्हा एकाच तळावर दोन निकाल लिहिलेले आढळले. किडा लाकडात शिरला नव्हता आणि शेवाळ-शिंपल्यांचे नाव नव्हते. परंतु तांब्यास टेकलेले लोखंडी खिळे पार खाऊन गेले होते. काही ठिकाणचे खिळे मात्र शाबूत होते. बारकाईने पाहता तेथे तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये तपकिरी कागदाचा तुकडा राहून गेलेला दिसला. मजुराच्या हयगयीने राहिलेल्या त्या कागदाने एक मोठा नियम सांगितला: हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांस टेकले तर लोखंडाचा बळी जातो. व्होल्टाची विद्युत्‌घटमाला १८०० सालची. म्हणजे विद्युत्‌रसायनाचा धडा समुद्राने शास्त्रज्ञांच्या आधी जहाजबांधणाऱ्यांस शिकविला होता, फक्त त्याची भाषा त्यांना वाचता येत नव्हती.

तरीही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या निकडीपायी १७७९ पासून इंग्लंडने जवळजवळ सारे आरमार तांब्याने मढवून घेतले. जहाजे वेगवान झाली आणि गोदीत कमी वेळ राहू लागली. आत लोखंडी बोल्ट झिजत राहिलेच. १७८३ पासून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट स्वीकारल्यावरच हा धोका टळला. या मागणीने वेल्समधील अँगलसी बेटावरच्या पॅरिस पर्वतातील तांब्याच्या खाणी भरभराटीस आल्या. जहाजाचा तळ हा आता साम्राज्याच्या जमाखर्चातील एक मोठा आकडा झाला होता.

या जमाखर्चात मुंबईचाही भाग आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तेथील गोदीत सागवानी जहाजे बांधली. १८१० साली पाण्यात उतरलेले ‘मिंडेन’, १८१३ सालचे ‘कॉर्नवॉलिस’, १८१७ सालचे ‘त्रिंकोमाली’ ही त्यांतील प्रसिद्ध नावे. ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले असून आजही पाहावयास मिळते. साग आपल्याकडचा, कारागिरी आपल्याकडची. तळाचे तांबे मात्र इंग्लंडहून येई. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने इंग्रजांचे ‘जावा’ हे हिंदुस्थानाकडे निघालेले जहाज जिंकले. ते इतके मोडकळीस आले होते की विजेत्यांस ते जाळून टाकावे लागले. त्याच्या पोटात मुंबईस बांधल्या जात असलेल्या ७४ तोफांच्या एका जहाजासाठी आणि दोन लहान लढाऊ जहाजांसाठी पाठविलेले तांबे होते. मुंबईच्या गोदीतील सुतार ज्याची वाट पाहत असतील ते तांबे असे दूर ब्राझीलच्या समुद्रात गेले. इतिहासाच्या पुस्तकांत ती लढाई असते. तांब्याचा उल्लेख असलाच तर एका वाक्याचा.

तांब्यानेही एक खर्च मागे लावलाच. पत्रा वर्षागणिक झिजे व बदलावा लागे. हे झिजणे थांबविता येईल काय, असा प्रश्न आरमारखात्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर हंफ्री डेव्ही यांच्यापुढे ठेवला. खाणकामगारांचा सुरक्षादीप देणारे हे डेव्ही विद्युत्‌रसायनातील अग्रणी होते. त्यांनी ‘अलार्म’चा अनुभव उलटा करून वापरला. तांब्याजवळ लोखंड झिजते ना? मग तांब्यास वाचविण्यासाठी लोखंडाचा वा जस्ताचा तुकडा जाणूनबुजून झिजू द्यावा. १८२४ च्या आरंभी त्यांनी सोसायटीपुढे निबंध वाचला. तांब्याच्या पृष्ठभागाच्या चाळिसाव्या ते दीडशेव्या हिश्श्याएवढा जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा सारे तांबे वाचविण्यास पुरेसा होतो, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले. लगेच भारतात बांधलेल्या ‘समारंग’ या जहाजावर लोखंडाचे तुकडे बसवून ते नोव्हा स्कोशियास धाडण्यात आले. १८२५ च्या जानेवारीत ते परतले तेव्हा तांबे जवळजवळ जसेच्या तसे होते.

आणि येथेच फजिती झाली. अशा ‘सुरक्षित’ जहाजांच्या तांब्यावर शेवाळ व बार्नॅकल दाटू लागले. तक्रारी येऊ लागल्या, १८२५ पासूनच काही जहाजांवरील तुकडे काढण्याचे हुकूम निघाले, आणि १८२८ मध्ये ही पद्धत पूर्णपणे बंद करण्यात आली. पुढच्याच वर्षी डेव्ही जिनीव्हा येथे वारले. कारण असे की तांबे समुद्रजीवांना दूर ठेवीत होते ते त्याच्या गुळगुळीतपणाने नव्हे. ते विरघळत होते म्हणून. पाण्यात उतरणारा तांब्याचा सूक्ष्म अंश बसू पाहणाऱ्या पिल्लांस मारक ठरतो. डेव्हींनी झीज थांबविली, तेव्हा विषही थांबले. शिवाय अशा रक्षित धातूवर समुद्रातील चुन्याचा व मॅग्नेशियमचा जो थर बसतो त्यावर त्या जीवांना पाय रोवण्यास आयतीच जागा मिळाली.

डेव्हींचा प्रयोग फसला असे सर्वत्र सांगितले जाते. आम्हांस हा निवाडा न्याय्य वाटत नाही. त्यांना प्रश्न विचारला होता तो तांबे कसे टिकेल हा. त्याचे उत्तर त्यांनी बिनचूक दिले. तांबे कशासाठी लावले आहे हा प्रश्न मात्र कोणी नीट विचारलाच नव्हता. आज पोलादी जहाजांच्या तळाशी जस्ताचे वा ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवितात, ते डेव्हींच्याच तत्त्वावर. पोलादाने स्वतः विष सोडावे अशी तेथे कोणाची अपेक्षा नसते, म्हणून तेच तत्त्व तेथे यशस्वी ठरते. विद्या तीच, प्रश्न बदलला इतकेच.

लोखंडी जहाजांचे युग आले तेव्हा जुना पेच नव्या रूपाने उभा राहिला. लोखंडास किडा पोखरीत नाही. पण त्यावर शिंपले बसतात, आणि तांब्याचा पत्रा त्यावर थेट ठोकावा तर ‘अलार्म’च्या खिळ्यांची गत साऱ्या जहाजाची होणार. काही जहाजांवर लोखंडावर लाकूड व लाकडावर तांबे असा दुहेरी वेष चढविण्यात आला, पण तो फार महाग पडला. तेव्हा तांबे पत्र्याच्या रूपाने न लावता रंगात कालवून लावण्याची युक्ती निघाली. १८६३ साली अमेरिकेत टार व वॉनसन यांनी तांब्याचे ऑक्साइड डांबरात मिसळलेल्या लेपाचे पेटंट घेतले. अशा लेपांची त्या काळात रीघ लागली. त्यांतले कित्येक निरुपयोगी होते. हळूहळू रीत स्थिर झाली: आधी गंज रोखणारा थर, ज्याने विषारी रंगास लोखंडापासून अलग ठेवावे, आणि त्यावर राळेसारख्या पदार्थात कालविलेले तांब्याचे तांबडे ऑक्साइड. ‘अलार्म’वरचा तपकिरी कागद आता रंगाच्या थराच्या रूपाने परत आला होता. राळ पाण्यात सावकाश विरघळे आणि आतील तांबे मोकळे करी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५२ साली, अमेरिकेतील वुड्स होल संस्थेने तयार केलेल्या ग्रंथात या झिजेचे मापच दिले आहे: दर चौरस सेंटिमीटरमागे दररोज सुमारे १० मायक्रोग्रॅम तांबे सुटत राहिले तर बार्नॅकल बसत नाही. डेव्हींना जे नडले त्याचाच आता अंकांत हिशेब मांडला गेला. झीज हा दोष राहिला नाही. ती लेपाची मात्रा झाली.

तांब्याच्या रंगाचा जोर मात्र दोन-एक वर्षांत ओसरे. १९६० नंतर कथिलाची सेंद्रिय संयुगे, विशेषतः ट्रायब्युटिल टिन, रंगात येऊ लागली. १९७० नंतरच्या दशकात हे विष रंगाच्या रेणूंनाच जोडून असा लेप तयार झाला की तो पाण्याच्या स्पर्शाने अगदी पातळ, समान थरांनी झिजे व प्रत्येक वेळी ताजा, गुळगुळीत पृष्ठभाग उघडा करी. जहाज पाच वर्षे गोदीत आणावे लागेना. शंभर वर्षे ज्याचा शोध चालला होता तो लेप सापडला असे सर्वांस वाटले.

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर आर्काशाँ नावाचा उपसागर कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे कालवांची पिल्ले धरेनाशी झाली. मोठ्या कालवांची कवचे वेडीवाकडी, पापुद्र्यांची होऊ लागली. तेथे उभ्या राहणाऱ्या क्रीडानौकांच्या तळांवर कथिलाचा हा लेप होता. फ्रान्सने १९८२ साली २५ मीटरांहून लहान नौकांवर त्याचा वापर बंद केला. इंग्लंडच्या प्लिमथ किनाऱ्यावरील एका शंखाच्या माद्यांत नराचे अवयव उगवत असल्याचे १९७० सालीच नोंदले गेले होते. १९८० नंतरच्या संशोधनात त्याचे कारणही हेच निघाले. लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, एवढ्या मात्रेनेही हा विकार जडू शकतो. माद्या अंडी घालीनाशा झाल्या आणि कित्येक किनाऱ्यांवरून तो शंख नाहीसा झाला. मुंबई व गोवा येथील बंदरांच्या गाळातही ही संयुगे दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांस आढळली आहेत. अखेर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ५ ऑक्टोबर २००१ रोजी एक करार संमत केला. तो १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला, आणि कथिलाचे हे लेप जहाजांवर निषिद्ध झाले. २०२३ पासून सायब्युट्रिन या दुसऱ्या विषावरही त्याच कराराने बंदी आली.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हांस वाटते. डेव्हींचा उपाय निष्फळ ठरला, कारण त्यातून समुद्रात विष गेले नाही. कथिलाचा लेप सफल ठरला, कारण त्यातून ते उत्तम प्रकारे गेले. पहिला चार वर्षांत टाकून देण्यात आला. दुसरा कित्येक वर्षे वाखाणला गेला. दोन्ही वेळी निवाडा केला तो जहाजाच्या बाजूने. पाण्याच्या बाजूने तो करण्याची वेळ आली ती कालवे मेल्यावर. तेही कालवांवर कोणाचे तरी पोट अवलंबून होते म्हणून लवकर आली. ज्या शंखावर कोणाचे पोट नव्हते, त्याची साक्ष आधीच नोंदलेली असूनही तिच्याकडे लक्ष जाण्यास वेळ लागला.

म्हणून लेपच नको, असेही म्हणता येत नाही. स्वच्छ तळाच्या जहाजास कमी इंधन लागते व धूर कमी होतो. शिवाय तळाला चिकटून परके जीव देशोदेशी पसरतात. मध्य अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांकडचा मायटिलॉप्सिस नावाचा लहान शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरात आणि पुढे मुंबईच्या बंदरात आढळला. तो जहाजांबरोबरच आला असे मानले जाते. तेव्हा न लावलेल्या लेपाचाही एक हिशेब आहे. आज बहुतेक जहाजे पुन्हा तांब्याच्या ऑक्साइडकडे वळली आहेत. दुसरीकडे सिलिकोनचे मऊ, निसरडे लेपही वापरात आहेत. त्यांचा हेतू समुद्रजीवांस मारण्याचा नसतो, त्यांची पकड सैल राहावी व जहाज वेगाने निघाले की ते गळून पडावेत एवढाच असतो. मात्र जहाज बंदरात दीर्घकाळ उभे राहिले तर त्यांचा गुण कमी पडतो.

विद्यार्थ्यांस शास्त्राचा इतिहास शिकविताना यश आणि अपयश असे दोनच रकाने आखण्याची आपणां शिक्षकांस सवय असते. जहाजाच्या तळाची ही कथा त्या रकान्यांत बसत नाही. शोध खरा की खोटा एवढे विचारून तिचा उलगडा होत नाही. प्रश्न कोणी विचारला होता आणि उत्तराची किंमत कोणी दिली, हेही विचारावे लागते. मुरगावला उभ्या असलेल्या जहाजाचा तांबडा पट्टा माल भरला की पाण्याखाली जातो आणि दिसेनासा होतो. त्याचे झिजणे मात्र तेथेही चालूच असते.